निरोगी पानाला ॲप रोगी म्हणतं, मग स्टेजवर काय दाखवायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी लिहितेय. गाव काटोलकडचं, घरची संत्र्याची बाग. सहा जणांची टीम, त्यात ही एकटी मुलगी, आणि एका सॉफ्टवेअर स्पर्धेच्या फायनलला त्यांचा नंबर लागलाय, हातात तीन आठवडे आहेत. प्रोजेक्ट म्हणजे संत्रा बागायतदारांसाठी मोबाइल ॲप, त्यात फवारणी-खर्चाची नोंदवही, बाजारभाव, आणि पानाचा फोटो काढला की रोग कोणता ते सांगायचं. बॅकएंड आणि नोंदवही हिनं लिहिली. रोग ओळखायचं मॉडेल टीममधल्या दोघांनी प्लँटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या तयार डेटासेटवर ट्रेन केलं, अचूकता ९८ टक्के आली. ही सुट्टीत घरी गेली, बाबांच्या बागेत चांगल्या हिरव्यागार पानांचे फोटो काढले तर ॲप सारखं 'ग्रीनिंग' (संत्र्याच्या झाडाचा एक गंभीर रोग) सांगून राहिलं. टीमला सांगितलं तर उत्तर आलं की डेमोत डेटासेटमधलेच फोटो वापरू, आठ मिनिटांत जजला काय कळते. बोलणार कोण तर इंग्लिश मीडियमचा एक मित्र, त्यानं २२ स्लाइड बनवल्यात. तिचे प्रश्न तीन: ९८ टक्के सांगणं म्हणजे खोटं बोलणं का, की सगळेच असं करतात? माझं इंग्रजी कच्चं आहे तर मी मागंच राहावं का? आणि चांगलं प्रेझेंटेशन नेमकं बनवायचं कसं?

आधी त्या पानाबद्दल बोलू, इंग्रजीचं नंतर, कारण पानाचं कोडं सुटलं की तुझ्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात.

तू लिहिलंस की मॉडेलमधे कुठंतरी छोटासा बग असेल. मला तसं वाटत नाही. प्लँटव्हिलेज उघड आणि फक्त फोल्डरांची नावं वाचत जा. १४ पिकं, ३८ वर्ग (म्हणजे कोणतं पीक आणि त्यावर कोणता रोग, की निरोगी), ५४ हजारांहून जास्त फोटो. एकट्या टोमॅटोचे १० वर्ग आहेत. आणि संत्र्याचा? एकच. तोही ग्रीनिंगचा. निरोगी संत्र्याच्या पानाचा वर्ग त्यात नाहीच. म्हणजे तुमच्या मॉडेलनं आयुष्यात निरोगी संत्र्याचं पान पाहिलेलंच नाही, आणि ३८ पैकी एक उत्तर तर त्याला द्यावंच लागतं, 'मला माहीत नाही' असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही, मग बाबांच्या बागेतलं पान दिसलं की ते सगळ्यात जवळचं जे वाटते ते सांगून मोकळं होणार. कोळशी (पानांवर काळी बुरशी धरते ती) त्यात नाही, नागअळीनं पोखरलेलं संत्र्याचं पान नाही, जस्ताची कमतरता नाही. विदर्भातला शेतकरी ज्या गोष्टींसाठी फोटो काढेल त्यातलं जवळपास काहीच त्यात नाही.

आणि ९८ टक्के आले कसे? तर टेस्टिंगचे फोटो पण त्याच पेटाऱ्यातले. एकेक पान तोडून, साध्या बॅकग्राउंडवर ठेवून काढलेले ते फोटो आहेत. ट्रेनिंगला तसलेच, टेस्टला तसलेच, मग मार्क चांगलेच पडणार. याच डेटासेटवरचा २०१६ चा गाजलेला अभ्यास आहे, त्यात अचूकता ९९.३५ टक्के आली होती, आणि त्याच संशोधकांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. त्यांनी हे लपवलं नाही, पेपरमधेच लिहून ठेवलं. तुमच्या टीमनं हे वाचलं नसेल तर आता वाचा, कारण कुठल्यातरी जजनं ते वाचलेलं असू शकते, आणि शेतीवरचे प्रोजेक्ट नागपूरच्या स्पर्धांमधे इतके येतात की 'डेटा कुठला' हा प्रश्न बहुतेक पहिलाच पडतो.

आता तुझा प्रश्न, हे खोटं बोलणं आहे का. ९८ हा आकडा खोटा नाही, तो त्या डेटासेटवर खरोखर आलाय. पण स्लाइडवर संत्र्याचा फोटो आणि शेजारी मोठ्या अक्षरात ९८ टक्के अचूक निदान असं लिहिलं तर ते वाक्य खोटं होते. आणि बागेतल्या पानावर चालत नाही हे माहीत असताना मुद्दाम डेटासेटमधलेच फोटो दाखवणं ही सरळ फसवणूक आहे, त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. सगळेच असं करतात का? बरेच जण करतात. मी परीक्षक म्हणून अशा स्पर्धांना बसते आणि दाखवण्यापुरतं चालणारं ॲप ओळखू येते, पोरं ठरलेल्या तीनच फोटोंवर बोट ठेवतात आणि चौथा फोटो मागितला की एकमेकांकडे पाहतात.

पण मला इथं जजपेक्षा तुझ्या बाबांसारख्या माणसाची काळजी जास्त वाटते. ग्रीनिंग म्हणजे साधी बाब नाही. त्याच्यावर औषध नाही, आणि रोगट झाड काढून टाका असाच सल्ला देतात. नागपुरी संत्र्याचं झाड नीट फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. जस्ताची कमतरता आणि ग्रीनिंग यांची पानं तर जाणकारांनाही डोळ्यांनी वेगळी करायला जड जातात, खात्री करायला लॅबमधे पीसीआर टेस्ट (रोगजंतूचा डीएनए शोधणारी) लागते. आणि तुमचं ॲप चांगल्या पानाला बेधडक ग्रीनिंग म्हणून राहिलं. उद्या कोणी खरंच त्याच्यावर विश्वास ठेवला तर? हा प्रश्न तुमच्या टीममधे तुझ्याशिवाय कोणाला पडलेला नाही, कारण बाकीच्यांनी बाग पाहिलेली नाही. त्यांना वाईट समजू नकोस. ते मॉडेल त्यांनी रात्री जागून केलंय, त्यांच्यासाठी तो ९८ चा आकडा म्हणजे मेहनतीचं फळ आहे, आणि तू ते हिसकावून राहिली असं त्यांना वाटत असणार.

मग करायचं काय? तीन रस्ते आहेत आणि तिन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला, रोग ओळखायचा भाग काढूनच टाकायचा आणि नोंदवही व बाजारभाव यांच्यावर उभं राहायचं. तुला वाटेल मग उरलं काय, पण तुझी नोंदवही कमी समजू नकोस. फवारणी कधी केली, कोणतं औषध, किती, माल तोडायच्या किती दिवस आधी, हे लिहून ठेवणारे बागायतदार थोडे, आणि व्यापाऱ्यानं किंवा निर्यातवाल्यानं विचारलं की आठवून सांगावं लागते. ही खरी अडचण आहे आणि तुझा कोड तिच्यावर चालतो. अडचण एकच की 'एआय' शब्द नसला तर टीमचा जीव खालीवर होईल.

दुसरा रस्ता, मॉडेल ठेवायचं पण 'प्रयोग' म्हणून, आणि मर्यादा स्वतःच्याच तोंडानं सांगायची. म्हणजे स्लाइडवर दोन आकडे शेजारी शेजारी, डेटासेटवर किती आणि बागेतल्या फोटोंवर किती. हे धाडसाचं वाटते पण परीक्षकाच्या खुर्चीतून सांगते, ज्या टीमनं स्वतःचं ॲप स्वतः बाहेर नेऊन तपासलंय ती लगेच वेगळी उठून दिसते, कारण बहुतेकांनी लॅपटॉपच्या बाहेर ते नेलेलंच नसते.

तिसरा रस्ता मेहनतीचा आहे आणि मला विचारशील तर दुसऱ्याला हा जोडा. तीन आठवड्यांत ३८ वर्ग काही होणार नाहीत, पण तीन होतील: निरोगी, नागअळी, कोळशी. फोटो तुमच्याच बागेतले आणि शेजारच्या दोन-तीन बागांमधले, सकाळचे, भर दुपारचे, सावलीतले, हललेले पण घ्या, शेतकरी काही स्टुडिओत फोटो काढत नाही. कोणत्या पानावर काय आहे हे तुम्ही स्वतः ठरवू नका, अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तुमच्या कॉलेजपासून लांब नाही, मेंटर सरांचं पत्र घेऊन जा आणि फोटो दाखवून खात्री करून घ्या, नाहीतर गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) गाठा. आधीच ट्रेन झालेलं मोबाइलनेटसारखं हलकं मॉडेल घेऊन त्याच्यावर हे फोटो चढवा. आणि एक गोष्ट नक्की पाळा, ज्या झाडाची पानं ट्रेनिंगला घेतली त्या झाडाचं एकही पान टेस्टला घ्यायचं नाही, नाहीतर पुन्हा तोच घोळ. कदाचित ७० टक्केच येतील. येऊ द्या. तो ७० तुमचा स्वतःचा असेल, प्रत्येक प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर असेल. सोबत ॲपला 'सांगता येत नाही, सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा' असं म्हणायला शिकवा, खात्री कमी असली की हेच उत्तर. हा उपाय अर्धाच आहे हे पण लक्षात ठेवा, मॉडेल चुकीच्या उत्तराची पण भरपूर खात्री दाखवू शकते, म्हणून ग्रीनिंगचं नाव ॲपनं घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या घरी बाग नाही, ज्यांचा प्रोजेक्ट दवाखान्याच्या रांगेवर किंवा सिटी बसच्या वेळांवर आहे, त्यांनाही हेच लागू आहे. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात एकदा द्या आणि काय होते ते बघा. मेडिकल हॉस्पिटलच्या ओपीडीत रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या काकूंना फोन देऊन पाहिला की समजते बटण कुठं चुकलं.

आता इंग्रजी. तुझ्या पत्रात हे दुसऱ्या नंबरवर आहे पण मला वाटते सगळ्यात जास्त तेच टोचून राहिलं. तू धरून चाललीस की प्रेझेंटेशन म्हणजे चांगलं इंग्रजी बोलणं, आणि ज्याचं इंग्रजी चांगलं त्याचा तो हक्क. हे गृहीत कोणी धरलं? आयोजकांना मेल करून सरळ विचार की हिंदी-मराठीत बोललं तर चालते का. नागपुरात बरेचदा चालते, कारण समोर बसलेले परीक्षक पण इथलेच असतात, कोणी परसोडीच्या आयटी पार्कातलं, कोणी मिहानमधलं, कोणी कॉलेजातले सर, दिवसभर ऑफिसात तेच मिसळून बोलतात. आणि नाहीच चाललं, इंग्रजीतच बोलावं लागलं, तरी तुला भाषण करायचं नाही, स्वतः लिहिलेल्या गोष्टीबद्दल सांगायचंय. लहान वाक्यं कर. एका वाक्यात एकच गोष्ट. शेतकरी फोन उघडतो. नेटवर्क नाही. नोंद फोनमधेच साठते. नेटवर्क आलं की सर्व्हरवर जाते. हे चार वाक्यांचं इंग्रजी तुला येते, मला खात्री आहे, कारण याच्यातले अर्धे शब्द तू मराठीत बोलताना पण इंग्रजीच वापरतेस. पाठ मात्र करू नकोस. पाठ केलेलं मधेच एका शब्दाला अडलं की पुढचं सगळं जाते, आणि घाबरलेलं माणूस मग वेगानं बोलत सुटते.

मित्राला बाजूला करायची पण गरज नाही हं. तो चांगला बोलतो ही टीमची ताकद आहे. सुरुवात त्यानं करावी, शेवट त्यानं करावा, पण डेमो तुझ्या हातात पाहिजे आणि बागेचं, डेटाचं, बॅकएंडचं जे विचारतील ते तू सांगायचं. ज्यानं बनवलं त्यानंच दाखवावं. नाहीतर जजनं विचारलं की नेटवर्क नसताना दोन फोनवरून एकच नोंद बदलली तर काय होते, तर तो सुंदर इंग्रजीत काहीतरी गोल गोल बोलेल आणि तू मागं उभी राहून ओठ चावशील.

इथं एक गोष्ट लिहायचीच आहे मला. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या केंद्र सरकारच्या स्पर्धेत सहा जणांच्या टीममधे किमान एक मुलगी पाहिजेच असा नियम आहे, आणि दुसऱ्या स्पर्धांनी पण तो उचललाय. नियम चांगलाय. पण त्याचा एक परिणाम मी फार वेळा पाहिलाय, की मुलगी टीममधे असते आणि स्टेजवर कडेला उभी असते, फार तर स्लाइड पुढं सरकवते, आणि बाहेर आल्यावर समजते की अर्धा कोड तिचाच होता. तुझ्या बाबतीत असंच ठरून राहिलं, कोणाच्या मनात वाईट नसतानाही. म्हणून तू 'मी मागं राहावं का' असं विचारलंस तेव्हा माझं उत्तर साफ नाही असं आहे. मागच्या रांगेतून तुला कोणी आपणहून बोलावणार नाही, तुला स्वतः म्हणावं लागेल की डेमो मी देते.

स्लाइडचं. २२ स्लाइड आठ मिनिटांत म्हणजे एकेकीला वीस-बावीस सेकंद, वाचून पण होत नाही. सात पुरे. पहिल्या मिनिटात तंत्रज्ञानाचं नावही काढू नका, एका माणसाची एक अडचण सांगा, नाव बदलून तुझ्या बाबांचीच सांग, व्यापारी बांधावर आला, शेवटची फवारणी कधीची विचारली, वही सापडली नाही, भाव पाडून माल गेला, असं काही खरं घडलेलं असेल तर. 'भारत कृषिप्रधान देश आहे' याच्यानं सुरू होणारी स्लाइड कृपा करून काढा, त्या दिवशी जजनं ते दहा टीमकडून ऐकलेलं असते. मग लगेच डेमो. डेमो मधोमध किंवा त्याच्याही आधी ठेवा, शेवटी ठेवला की वेळ संपल्याची घंटा वाजते आणि मुख्य गोष्टच राहून जाते. त्यानंतर आतून कसं चालते याची एकच आकृती, मग तपासणीचे ते दोन आकडे, मग पुढं काय करणार आणि काय येत नाही. वापरलेल्या सगळ्या लायब्ऱ्यांचे लोगो एका स्लाइडवर ओतायची जी पद्धत पडलीय त्यानं काही कळत नाही. तुमचं बाजारभावाचं पान ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या वेबसाइटवरून माहिती घेत असेल तर तसं स्लाइडवर लिहा, आणि भाव कोणत्या तारखेचा आहे ते ॲपमधे पण दिसू द्या, नागपूरच्या कळमना बाजाराचा कालचा भाव आजचा म्हणून दाखवला तर शेतकरी दुसऱ्यांदा ॲप उघडणार नाही.

काळं बॅकग्राउंड आणि त्याच्यावर बारीक हिरवी अक्षरं तुमच्या लॅपटॉपवर झकास दिसतात, पण कॉलेजच्या सेमिनार हॉलमधला जुना प्रोजेक्टर, खिडक्यांना अर्धेच पडदे, त्यात काहीही दिसत नाही. पांढऱ्यावर काळं करा. अक्षर एवढं मोठं की मागच्या भिंतीला टेकून वाचता आलं पाहिजे, तपासायला वर्गात जाऊन खरंच मागं टेकून बघा. मराठी मजकूर स्लाइडवर असेल तर पीडीएफ काढून पेनड्राइव्हमधे ठेवाच, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की मात्रा आणि जोडाक्षरं सुटी सुटी होऊन पडतात आणि मग पहिली दोन मिनिटं माफी मागण्यात जातात.

डेमोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बुडतात ते इथंच. हॉलच्या वायफायवर शंभर पोरं एकदम चढलेली असतात, ते चालणार नाही असंच समजून तयारी करा. सर्व्हर लॅपटॉपवरच चालवा, फोन आणि लॅपटॉप केबलनं जोडून फोनची स्क्रीन मोठ्या पडद्यावर दाखवा. ऑनलाइन दाखवायचंच असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे हॉटस्पॉट ठेवा, आणि फुकटच्या होस्टिंगवर टाकलं असेल तर लक्षात ठेवा की थोडा वेळ कोणी वापरलं नाही तर तो सर्व्हर झोपतो आणि जागा व्हायला बराच वेळ घेतो, तुमच्या नंबरच्या आधी एकानं तो उघडून ठेवायचा. लॉगिन आधीच केलेलं पाहिजे, स्टेजवर ओटीपीची वाट पाहणं म्हणजे आठातलं एक मिनिट गेलं. ॲपमधली माहिती खरी वाटेल अशी भरून ठेवा, 'टेस्ट १२३' आणि 'एबीसी शेतकरी' दिसलं की बघणाऱ्याचा रस जातो, तीन महिन्यांच्या फवारण्या तारखेनं नीट भरा, तुला तर बाबांच्या वहीतूनच मिळतील. फोनचे नोटिफिकेशन बंद. प्रोजेक्टरला जोडायला एचडीएमआय आणि जुन्या व्हीजीएचं कन्व्हर्टर स्वतःचं न्या. आणि पूर्ण डेमोचा दोन मिनिटांचा व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवा, लाइव्ह नाही चाललं तर तो लावा, पण लावताना 'हे काल रेकॉर्ड केलेलं आहे' असं म्हणा. रेकॉर्डिंग लाइव्ह म्हणून खपवायचं नाही.

स्पर्धेतच कोड लिहायचा असेल, स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सॉफ्टवेअर फायनलला सलग ३६ तास असतात तसं, तर शेवटचे पाच-सहा तास नवीन काही जोडायचं नाही असं आधीच ठरवा. चालणारा कोड बाजूला जपून ठेवा. 'फक्त एक छोटं बटण' टाकायला जाऊन पहाटे चार वाजता सगळं पडलेल्या टीम मी पाहिल्यात, रडवेली झालेली पोरं असतात, वाईट वाटते. जे बोलणार आहेत त्यांनी झोपायचं, निदान चार तास, बाकीचे जागतील.

सराव घड्याळ लावून करा आणि आठ मिनिटांसाठी साडेसहाचं बसवा, स्टेजवर वेळ लागतोच. पहिला सराव कॉम्प्युटरवाल्यासमोर करू नका. मेसच्या काकूंसमोर कर, नाहीतर फोनवर बाबांना ऐकव आणि मग विचार की आमचं ॲप काय करते, तुम्ही सांगा. त्यांनी जे सांगितलं तेच तुमच्या प्रेझेंटेशनमधून पोचलं, बाकी सगळं हवेत गेलं असं समज.

प्रश्नोत्तरांना घाबरू नकोस, विचारतात ते बरेचसे ठरलेलेच असते. डेटा कुठला? आधीपासून अशी ॲप आहेत, तुमच्यात नवीन काय? शेतकऱ्याला टाइप करता येत नसेल तर? चालवायचा खर्च किती? यातलं तुम्ही स्वतः काय लिहिलं? हा शेवटचा प्रश्न आता जास्तच विचारतात, चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेणारे वाढलेत म्हणून. मदत घेतली असेल तर घेतली म्हणा, पण त्यातली कोणतीही ओळ उघडली तरी ती काय करते हे टीममधल्या एकाला तरी सांगता आलं पाहिजे. कोणत्या विषयाचा प्रश्न आला की कोण बोलणार ते वाटून घ्या, एकाचं बोलणं दुसऱ्यानं मधेच तोडायचं नाही. उत्तर येत नसेल तर 'हे आम्ही तपासलेलं नाही' एवढं म्हणून थांबायचं. जज त्यानं मार्क कापत नाहीत, निदान मी तरी कापत नाही, गोल गोल बोलण्याचे मात्र कापते.

राहिला प्रश्न टीमशी बोलायचा. ग्रुपवर लिहू नकोस, तिथं पाच जणांसमोर त्या दोघांना कमीपणा येईल आणि ते अडून बसतील. दोघांनाच गाठ, कॅन्टीनमधे बस, आणि 'तुमचं मॉडेल चुकतं' असं सुरू करू नकोस. डेटासेटचं फोल्डर उघडून विचार की यात निरोगी संत्रा कुठं आहे मला सापडत नाहीये. त्यांनाच शोधू दे. मग म्हण की फोटो मी आणते, लेबल तपासून आणायची जबाबदारी माझी, ट्रेनिंग तुम्ही करा, तुमच्याइतकं मला ते जमत नाही. हे खरंच आहे ना? मग म्हणायला काय हरकत. बोलणाऱ्या मित्राला वेगळं भेट आणि डेमो मागून घे, 'सुरुवात तुझीच राहील' असं त्याला सांग, बहुतेक तो सुटकेचा श्वास सोडेल, कारण कोडवरचे प्रश्न आले तर काय याची भीती त्यालाही असणारच.

आणि नाहीच ऐकलं तर? होऊ शकते. मग मेंटर सरांना सांग, चहाडी म्हणून नाही, बागेतले फोटो आणि ॲपनं दिलेली उत्तरं कागदावर मांडून. तिथूनही काही झालं नाही तर निदान एवढं पक्कं कर की डेटासेटमधल्या फोटोंचा डेमो तू देणार नाहीस, तू नोंदवही दाखवशील, आणि त्या दिवशी कोणी तुला समोरासमोर विचारलं की हे बागेत चालते का, तर तू नाही म्हणशील. हे टीमला आधीच सांगून ठेव, आजच, म्हणजे स्टेजवर कोणाला धक्का बसणार नाही आणि त्यांच्याकडं विचार बदलायला अजून तीन आठवडे राहतील.